विजयदुर्गचा हेलियम आणि जमखंडीची पिवळी रेघ

१८ ऑगस्ट आला की कोल्हापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज हटकून फिरतो: ‘१८६८ च्या ग्रहणात लॉकियरसाहेबाला हेलियमचा शोध आपल्या विजयदुर्गावर लागला!’ सोबत किल्ल्यातल्या, त्याच साहेबाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘साहेबाच्या कट्ट्या’चा फोटो. करूळ घाट उतरून, तळेरे-पडेलमार्गे आपण तिथे जातो ते किल्ला बघायला आणि ताजी मासळी खायला. वाघोटण खाडीच्या तोंडाशी मच्छीमारांच्या होड्या, जेटी आणि थेट पाण्यातून वर आलेली तटबंदी. गाव एवढंसं, इतिहास दांडगा. उसन्या श्रेयाची त्याला गरजच नाही.

कारण १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर विजयदुर्गला नव्हतेच, इंग्लंडमध्ये होते. ग्रहण बघायला आलेले फ्रान्सचे खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते. सूर्यप्रकाशाच्या रंगपट्टीतली, पुढे हेलियमची ठरलेली ती प्रसिद्ध पिवळी रेघ लॉकियरना दिसली २० ऑक्टोबरला, इंग्लंडातूनच, ग्रहणाशिवाय.

आपल्याला खरं तर जमखंडी आठवायला हवी. मिरजेपलीकडचं हे पटवर्धनांचं संस्थान. युरेनस शोधणाऱ्या हर्शेलचा नातू, लेफ्टनंट जॉन हर्शेल, ग्रहणाच्या त्या दिवशी तिथे वर्णपटदर्शक (प्रकाशाचे रंग वेगळे करून दाखवणारं यंत्र) लावून बसला होता. ढगांच्या फटीतून त्याला तांबडी, नारिंगी आणि निळी अशा तीन रेघा दिसल्या. मधली, म्हणजे आपली पिवळी रेघ, सोडियमची, असं त्याने ठरवून टाकलं.

चूक स्वाभाविक होती. रस्सा उतू जाऊन गॅसवर सांडला की ज्योत पिवळीधमक होते, ती मिठातल्या सोडियममुळे. सोडियमच्या दोन रेघा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर तरंगलांबीवर. हेलियमची नवी रेघ ५८७.६ वर. फरक जेमतेम दीड नॅनोमीटरचा.

पण खरी गंमत पुढे आहे. सूर्यप्रकाशाच्या पट्टीत शेकडो काळ्या रेघा असतात. अणू आपापला रंग गिळतात म्हणून. मग सूर्यात हायड्रोजनखालोखाल हेलियम असूनही ५८७.६ वर ठसठशीत काळी रेघ का नाही? हा पिवळा रंग गिळायचा तर हेलियमचा इलेक्ट्रॉन आधीच तळापासून सुमारे २१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या जगातलं ऊर्जेचं माप) वर चढलेला हवा. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंश सेल्सिअसचा. तिथे कणामागे सरासरी ऊर्जा अर्ध्या-पाऊण इलेक्ट्रॉन-व्होल्टची. म्हणजे वर चढलेला अणू जवळपास एकही नाही. हेलियम भरपूर, पण मुका!

तो बोलतो वरच्या विरळ थरात, वर्णावरणात. त्याच्याही वर लाखो अंशांचा किरीट (करोना), सूर्याचा सर्वांत बाहेरचा थर. तिथून येणारे अतिनील किरण हेलियमचा इलेक्ट्रॉन पार उडवून लावतात. पुढे अणू एखादा इलेक्ट्रॉन पुन्हा पकडतो, तो पायरीपायरीने खाली उतरतो, आणि त्यातली एक पायरी उतरताना ५८७.६ चा पिवळा प्रकाश सुटतो. म्हणून ही रेघ उजळ, आणि सूर्याच्या कडेलाच दिसणारी. ग्रहण लागल्यावर घरात दडून, अन्नावर तुळशीपत्र ठेवणारे नेमकं हेच बघायचं चुकवतात.

मग साहेबाचा कट्टा? लॉकियर विजयदुर्गला आले खरे, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. ‘मेल्पोमेनी’ युद्धनौकेच्या खलाशांना हाताशी धरून, लोलक लावलेल्या कॅमेऱ्यांनी त्यांनी वर्णावरणाचे फोटो घेतले. तोवर रसायनशास्त्रज्ञ रॅम्झी यांनी १८९५ मध्ये युरेनियमच्या खनिजातून हेलियम काढून दाखवलाही होता. पुढच्या १८ ऑगस्टला मेसेज पाठवायचाच असेल तर जमखंडीचा पाठवा, आणि कट्ट्याच्या फोटोखाली १८९८ लिहा.