तुशिनो १९९१ : फुकट मैफलीचा हिशोब

मॉस्कोच्या वायव्येला तुशिनोचं जुनं विमानमैदान आहे. २८ सप्टेंबर १९९१ च्या शनिवारी तिथे ‘मॉन्स्टर्स ऑफ रॉक’ या महोत्सवात एसी/डीसी, मेटालिका, द ब्लॅक क्रोज, पँटेरा आणि एक रशियन बँड वाजवून गेले. ऐकायला किती माणसं होती असं विचारलं, तर पाच लाखांपासून सोळा लाखांपर्यंत सांगणाऱ्याला आवडेल तो आकडा ऐकायला मिळतो. जगातल्या सर्वांत मोठ्या मैफलींच्या याद्यांमध्ये बहुधा सोळा लाखच छापलेले असतात. तिकीटच नव्हतं, त्यामुळे अर्धुकं मोजण्याची सोय नव्हती.

कागदावर एक हिशोब करून पाहता येतो. मैदानाजवळ तेव्हा मेट्रोचं एकच चालू स्टेशन होतं, तुशिन्स्काया. मॉस्को मेट्रो गर्दीच्या वेळी एका दिशेने तासाला चाळीसेक गाड्या सोडते. प्रत्येक गाडीत बाराशे माणसं कोंबली तरी शहराकडून येणारे तासाला पन्नास हजारांच्या आतच राहतात. सोळा लाखांना उतरवायला तेहतीस तास लागले असते. उपनगरी रेल्वे होती, आसपासचे लोक पायी आले असतील, हे सगळं धरूनही सोळा लाख म्हणजे त्या वेळच्या सुमारे नव्वद लाखांच्या मॉस्कोत सहा जणांमागे एक जण मैदानात हजर! पाच लाखांचा आकडा मला त्यातल्या त्यात पचतो, तोही ताणून.

त्याच मैदानाच्या पोटात मेट्रोचं आणखी एक स्टेशन अर्धवट बांधून ठेवलेलं होतं. १९७५ मध्ये मार्ग सुरू झाला तेव्हा वर वस्ती नव्हती, म्हणून ते उघडलंच नाही. त्या शनिवारी गच्च भरलेल्या गाड्या त्या अंधाऱ्या फलाटाजवळून न थांबता पुढे जात होत्या.

आता मूळ मुद्दा, म्हणजे प्रवेश फुकट का होता. ऑगस्टमध्ये सोव्हिएत सरकारातल्याच कट्टर नेत्यांनी केलेल्या बंडाच्या त्या तीन दिवसांची कथा इथे पुन्हा सांगत नाही. रणगाडे, टीव्हीवर दिवसभर चाललेला बॅले, क्रिमियात अडकवून ठेवलेले सोव्हिएत अध्यक्ष गोर्बाचेव्ह, रणगाड्यावर चढून भाषण करणारे रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन, हे सगळं वाचकांच्या ओळखीचं आहे. एवढंच लक्षात ठेवायचं की बंड करणाऱ्या आठ जणांनी स्वतःला बंडखोर म्हणवून घेतलं नव्हतं. त्यांच्या समितीच्या नावात जो शब्द होता त्याला मराठीत ‘आणीबाणी’ हाच प्रतिशब्द आहे, आणि तो ऐकल्यावर आपल्याकडच्या एका पिढीला वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. २१ ऑगस्टला बंड फसलं. आदल्या रात्री एका भुयारी रस्त्यात चिलखती गाड्या अडवताना तीन तरुण मारले गेले होते.

त्यानंतर अडतीस दिवसांनी तुशिनोची मैफल झाली. बंडाला सामोरं गेलेल्या रशियन तरुणांना ही भेट आहे, असं सांगण्यात आलं. भेट देणारी होती टाइम वॉर्नर ही बलाढ्य अमेरिकी मनोरंजन कंपनी.

‘भेट’ हा शब्द जरा उलगडून पाहायला हवा. मंचावर आलेल्या परदेशी बँडांपैकी एसी/डीसी, मेटालिका आणि पँटेरा हे तिघेही अमेरिकेत त्याच कंपनीच्या छत्राखालच्या लेबलांवर होते. मेटालिकाचा काळ्या मुखपृष्ठाचा अल्बम १२ ऑगस्टला बाजारात आला होता, बंडाच्या बरोबर एक आठवडा आधी. दिवसभर कॅमेरे चालू होते आणि पुढच्या वर्षी चित्रीकरणाची व्हिडिओ कॅसेट विक्रीला आली. त्या चौकटीत लाखोंची रशियन गर्दी ही पार्श्वभूमी होती, पडद्यामागच्या नेपथ्यासारखी, आणि तेवढ्या गर्दीचं नेपथ्य जगात दुसरीकडे फुकट मिळालं नसतं. यात काही बेकायदेशीर नाही, आणि ज्या पोरांनी ती संध्याकाळ पाहिली त्यांच्या आनंदात याने तीळभरही फरक पडत नाही. पण भेट देणाऱ्याच्या खिशात काय गेलं हे न सांगता नुसती भेट म्हणणं म्हणजे लग्नात आहेर वाचून दाखवायचा आणि मानपानाची यादी झाकून ठेवायची, तसं आहे.

दुसरं असं की आभार मानायचेच होते तर ते घरच्या लोकांनी आधीच मानले होते. बंड फसल्याबरोबर रशियन बँडांनी संसदेच्या इमारतीसमोर अडथळ्यांच्या ढिगाऱ्याशेजारी वाजवलं होतं. तुशिनोच्या यादीत मात्र त्यांच्यापैकी एकच, ई.एस.टी. त्या अक्षरांचा अर्थ विजेच्या झटक्यांचा उपचार. ज्या देशात विरोधकांना वेडं ठरवून मनोरुग्णालयात टाकत, तिथल्या पोरांनी बँडला हे नाव ठेवावं, यावर वेगळी टीप नको.

फुकटपणाचा खरा परिणाम मात्र जमिनीवर झाला. तिकीट नाही म्हणजे दार नाही, दार नाही म्हणजे आत किती घ्यायचे याला मर्यादा नाही. आणि हे धोकादायक आहे हे या महोत्सवाशी संबंधित लोकांना इतर कुणाहूनही जास्त कळायला हवं होतं. ‘मॉन्स्टर्स ऑफ रॉक’ हा मुळात इंग्लंडमधल्या डॉनिंग्टनचा महोत्सव. १९८८ मध्ये तिथल्या चेंगराचेंगरीत दोघांचा जीव गेला, १९८९ मध्ये महोत्सव झाला नाही, आणि पुन्हा सुरू झाला तो प्रेक्षकसंख्येवर मर्यादा घालूनच. १९९१ चं डॉनिंग्टन १७ ऑगस्टला झालं, शनिवारी. सोमवारी मॉस्कोत रणगाडे आले. तोच ताफा युरोपभर फिरून सप्टेंबरअखेर तुशिनोला पोचला, तेव्हा इंग्लंडमधली मर्यादा इंग्लंडमध्येच राहिली होती.

कठड्यांच्या जागी माणसं उभी केली गेली. मंचासमोर आणि गर्दीच्या मधोमध गणवेशातल्या सैनिकांच्या आणि मिलिशियाच्या, म्हणजे सोव्हिएत पोलिसांच्या, रांगा. चित्रीकरणात त्या स्पष्ट दिसतात. राखाडी कोट, टोप्या, हातात काठ्या. डोक्यावरून खाली येऊन घिरट्या घालणारं हेलिकॉप्टर. बाटल्या उडतात, रांग पुढे सरकते, काठ्या खाली येतात, गर्दी मागे फाटते आणि पुन्हा भरून येते. सोव्हिएत सैन्यात दोन वर्षांची सेवा सक्तीची होती, म्हणजे काठी धरणारा आणि काठी खाणारा दोघेही बहुधा अठरा-वीसचेच. ऑगस्टमध्ये याच वयाच्या पोरांनी याच वयाच्या सैनिकांना पाव आणि सिगारेटी नेऊन दिल्या होत्या, रणगाड्यांच्या तोफांत फुलं खोचली होती. नाचणाऱ्यांना कसं आवरायचं हे सरकारी यंत्रणेला कुणी शिकवलंच नव्हतं, असं फार तर तिच्या बाजूने म्हणता येईल. लोक जखमी झाले. मैफल थांबली नाही.

दोनच वर्षांपूर्वी, १२ आणि १३ ऑगस्ट १९८९ ला, मॉस्कोच्या लेनिन स्टेडियममध्ये बॉन जोव्ही, ऑझी ऑस्बॉर्न, स्कॉर्पियन्स वगैरेंची मैफल झाली होती. तिकिटं होती, खुर्च्या होत्या, दर दिवशी लाखभर लोक. तिच्या संख्येवर कुणी भांडत नाही. तुशिनोला पडलेली सगळी भुतं त्या एका ‘फुकट’मधून निघाली.

सोव्हिएत रॉकच्या इतिहासात शिरायचं तर फार मागे जायची गरज नाही. पन्नासच्या दशकात लेनिनग्राडची पोरं दवाखान्यातून टाकून दिलेल्या एक्स-रे फिल्म मिळवत, कात्रीने गोल कापत, मधोमध सिगारेटने भोक पाडत आणि तिच्यावर चोरून गाणी कोरत. दिव्यासमोर धरलं की गाण्याच्या खाली कुणाच्यातरी बरगड्या दिसत. मग साठ-सत्तरच्या दशकांत सरकारने शहाणपणा केला आणि ‘रॉक’ हा शब्द टाळून ‘गायन-वादन संच’ अशा सोज्ज्वळ नावाने पगारी गट उभे केले. १९८० च्या मार्चमध्ये तिबिलिसीत झालेल्या महोत्सवात रॉकला पहिल्यांदा सरकारी बक्षीस मिळालं आणि त्याच महोत्सवात अक्वारियम हा बँड मंचावरच्या वागणुकीमुळे वादात सापडला. १९८१ मध्ये लेनिनग्राडला अधिकृत रॉक क्लब निघाला. तिथे गाण्याचे शब्द आधी दाखवून शिक्का घ्यावा लागे. आपल्याकडे नाटकाची संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे जाते तसंच, फक्त तिथल्या शिक्क्यामागे पोलिसांचा कान लागलेला असे.

आणि मग जानेवारी १९८५. युक्रेनमधल्या एका प्रांताच्या युवक संघटनेने डिस्कोथेकांत काय वाजवू नये याची यादी काढली. प्रत्येक नावापुढे गुन्हा लिहिलेला. ब्लॅक सबाथ : हिंसा, धार्मिक अंधश्रद्धा. पिंक फ्लॉइड : सोव्हिएत परराष्ट्र धोरणाचा विपर्यास, कारण त्यांच्या गाण्यात अफगाणिस्तानचा उल्लेख. टीना टर्नर : लैंगिकता. हुलिओ इग्लेसियास : नवफॅसिझम, आणि ते का हे त्या कारकुनालाच ठाऊक. एसी/डीसी : नवफॅसिझम, हिंसा. या नोंदीपासून तुशिनोच्या मंचापर्यंत सात वर्षंही गेली नाहीत. याच सुमारास सोव्हिएत चित्रपटगृहांत मुंबईत बनलेल्या एका डिस्कोपटाची सुमारे सहा कोटी तिकिटं खपली होती. आपल्याकडे त्या काळी ‘सोव्हिएत देश’ या नियतकालिकाच्या गुळगुळीत पानांची कव्हरं वह्यांना लागत. त्या पानांवर ट्रॅक्टर आणि धरणं असायची, बरगड्यांवरची गाणी नाही.

१९८७ पासून दारं उघडत गेली. बिली जोएल, युराया हीप, लेनिनग्राडला स्कॉर्पियन्स. पण दारं उघडत असताना घरात खायला कमी होत होतं, हे तुशिनोच्या गर्दीविषयी बोलताना विसरलं जातं. जानेवारी १९९१ मध्ये पन्नास आणि शंभर रूबलच्या नोटा एका रात्रीत रद्द झाल्या आणि बदलून घ्यायला तीन दिवस मिळाले. नोटबंदी अनुभवलेल्या वाचकाला रांग डोळ्यांसमोर आणायला कष्ट पडणार नाहीत. एप्रिलमध्ये किमती वाढवल्या गेल्या. साबण-साखरेला कूपनं होती. अशा वर्षात एखादी गोष्ट फुकट आहे म्हटल्यावर, ती काय आहे हे न विचारता शहर लोटतं. त्या मैदानातल्या किती जणांना पँटेरा हे नाव आदल्या दिवशी माहीत होतं, याचा अंदाज कुणीही करावा.

२५ डिसेंबरला सोव्हिएत अध्यक्षांनी राजीनामा दिला आणि क्रेमलिनवरचा लाल झेंडा उतरला. मैफलीनंतर तीन महिन्यांच्या आत देशच उरला नाही. म्हणून तुशिनोची गोष्ट ‘सोव्हिएत संघाच्या अंत्ययात्रेतली मैफल’ अशी सांगतात. त्या दिवशी मात्र अंत्ययात्रा आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं. काठ्या घेऊन उभे असलेले सैनिक अजून सोव्हिएत सैनिकच होते.

मैदानावर पुढेही मैफली झाल्या. ५ जुलै २००३ ला तिथल्या रॉक महोत्सवाच्या दारावर दोन आत्मघाती महिलांनी स्फोट घडवले, माणसं मेली. या वेळी दार होतं, तपासणी होती, त्यामुळेच स्फोट आत झाले नाहीत. मैदानाच्या जागी फुटबॉलचं स्टेडियम आलं, २०१८ च्या विश्वचषकाचे सामने तिथे झाले. खालचं ते बंद स्टेशन २०१४ च्या ऑगस्टमध्ये उघडलं, बांधकाम सोडून दिल्यानंतर एकोणचाळीस वर्षांनी.

२०१९ च्या जुलैत मेटालिका मॉस्कोला पुन्हा आले, या वेळी तिकीट लावून, १९८९ च्याच स्टेडियममध्ये. १९९० मध्ये मोटार अपघातात गेलेल्या विक्टर त्सोय या रशियन रॉक गायकाचं गाणं त्यांनी तिथे मोडक्यातोडक्या रशियनमध्ये म्हटलं आणि सगळं स्टेडियम त्यांच्यामागून गायला लागलं. मार्च २०२२ मध्ये युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी रशियातलं कामकाज थांबवलं. तुशिनोची भेट देणाऱ्या कंपनीची, मधल्या काळात विकली गेलेली संगीत शाखाही त्यांत होती.