टर्बो लॅग: एकाच नावाच्या दोन पोर्शे, मध्ये 45 वर्षं

जुन्या-नव्या स्पोर्ट्स कारची तुलना निघाली की लोक आधी अश्वशक्तीचे आकडे मांडतात. 1975 ची पोर्शे 911 टर्बो, म्हणजे जाणकारांची '930', 260 अश्वशक्तीची. 2020 ची 911 टर्बो एस 650 ची. झालं, विषय संपला! मला हे पटत नाही. 930 चं वजन अवघं 1140 किलो, नवीचं 1640. ताकदीपेक्षाही मोठा फरक आहे तो ताकद किती उशिरा येते याचा.

टर्बोमध्ये एक्झॉस्टचा, म्हणजे इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला वायू टर्बाइनचं चाक फिरवतो. त्याच दांड्यावरचा कॉम्प्रेसर बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये भरतो. हवा जास्त, म्हणून पेट्रोलही जास्त जाळता येतं. पण चाक मिनिटाला हजारो फेऱ्या घेऊ लागेपर्यंत दाब तयार होत नाही. हा उशीर म्हणजे टर्बो लॅग.

930 मध्ये तो जास्तच जाणवायचा. दाबलेल्या हवेत नॉकिंग, म्हणजे इंधन अवेळी आपोआप पेटणं, होऊ नये म्हणून इंजिनाचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा किती पट दाबली जाते ते) 6.5:1 इतकं कमी ठेवलं होतं, त्यामुळे टर्बो जागा होईपर्यंत गाडी सुस्त. मग सगळा जोर एकदम मागच्या चाकांवर. वळणात दचकून पाय उचलला की वजन पुढे सरकतं, मागच्या टायरांची पकड सुटते आणि मागे बसवलेलं जड इंजिन शेपूट बाहेर फेकतं. 'विडोमेकर', म्हणजे विधवा करणारी, हे टोपणनाव तिला उगाच पडलं नाही.

आता माझा आवडता हिशोब. टर्बाइनच्या चाकाचा व्यास, आणि त्याच प्रमाणात बाकी मापं, दुप्पट केली तर वस्तुमान 8 पट होतं. शिवाय ते अक्षापासून दुप्पट लांब जातं, म्हणून आणखी 4 पट. जडत्व, म्हणजे चाकाचा वेग घ्यायला होणारा विरोध, एकूण 32 पट! वायूला जायला जागा मात्र चौपटच मिळते. म्हणजे एका मोठ्या टर्बोऐवजी तेवढीच एकूण जागा देणारे दोन छोटे बसवले, तर दोघांचं मिळून जडत्व जवळपास एक तृतीयांशावर येतं. 1995 च्या 911 टर्बोपासून पोर्शेने दोन टर्बो वापरले.

2006 मध्ये त्यात हलणाऱ्या पात्यांची भर पडली. बागेतल्या पाइपाचं तोंड अंगठ्याने दाबलं की थोडं पाणीही जोरात उडतं; तसंच इंजिन हळू फिरत असताना पाती मिटतात आणि थोडासा वायू टर्बाइनवर वेगाने आदळतो. डिझेल गाड्यांत ही युक्ती आधीपासून होती. पेट्रोलचा एक्झॉस्ट सुमारे 1000 अंशांपर्यंत तापतो. त्यात पाती अडकू न देणारा मिश्रधातू मिळवणं हेच खरं कसब. 2020 ची टर्बो एस 2.7 सेकंदांत ताशी 100 किलोमीटरचा वेग गाठते. 930 ला साधारण 5.5 लागायचे.

एअर फिल्टरमध्ये बसवायचा छोटा विजेचा पंखा 'इलेक्ट्रिक टर्बो' म्हणून विकतात, तो घेऊ नका. हवा दाबायला कित्येक किलोवॅट लागतात. तेवढी शक्ती त्या पंख्यात नसते.

रोज चालवायला मी नवीच घेईन. संग्रहासाठी मात्र 1975 ते 77 ची तीन लिटरची 930, तीही मूळ टर्बोसकट. चपळ टर्बो बसवून सुधारलेली नको. तिच्यातला तो उशीरच मला जपायचा आहे.