संकरित मक्याचा बीजोत्पादन प्लॉट नोंदवायचाय? आधी नर-मादीचे टॅग शोधा

रब्बी जवळ आली की नागपूर जिल्ह्यातल्या काटोल, सावनेर, कळमेश्वरकडचे कास्तकार विचारायला लागतात, मक्याचं बियाणं तयार करून प्रमाणित करून घ्यायचं तर काय काय लागतं. सातबारा, आठ-अ, आधार, पासबुक, वावराचा नकाशा आणि फी. ज्या कंपनीशी किंवा संस्थेशी करार आहे तिच्यामार्फत अर्ज बीज प्रमाणीकरण यंत्रणेकडे जातो, मुख्यालय अकोल्याला आहे. इथपर्यंत फारसं कोणी अडत नाही.

अडतात ते बियाण्याच्या उगमावर. संकरित वाण अधिसूचित, म्हणजे सरकारने जाहीर केलेला पाहिजे. तो दोन वेगळ्या ओळींच्या संकरातून तयार होतो, परागकण देणारी नर ओळ आणि जिच्यावर बियाणं धरतं ती मादी ओळ, या दोन्हीचं पायाभूत बियाणं पाहिजे, म्हणजे पांढरा टॅग. मादीची पिशवी मोठी असते म्हणून तिचा टॅग कुठेतरी सापडतो, नराची लहानशी पिशवी पेरणीच्या घाईत फाडून धुऱ्यावर फेकलेली असते आणि तिच्यासोबत टॅगही गेलेला असतो. वरून पावतीवर नुसतं "मका बियाणे" लिहिलेलं, लॉट नंबर नाही. मग तपासणीला आलेले साहेब ती पावती धरत नाहीत. नियम तसाच आहे हे मान्य, पण अर्ज घेताना टेबलावरच "लॉट नंबर टाकून आणा" म्हणायला किती वेळ लागतो? पीक गुडघ्याएवढं झाल्यावर सांगून कास्तकार काय करणार! म्हणून पावती घेतानाच दोन्ही लॉट नंबर लिहून घ्या, दोन्ही टॅगचे फोटो काढा, आणि माल पास होऊन प्रमाणित बियाण्याचे निळे टॅग लागेपर्यंत मूळ टॅग जपून ठेवा.

हा हट्ट निव्वळ कागदाचा नाही. मक्याच्या दाण्याची वरची साल पूर्ण मादीची असते, आतला पिठाचा भाग दोन हिस्से मादीचा आणि एक हिस्सा नराचा, फक्त कोंब दोघांचा निम्मा-निम्मा. म्हणून त्याच दोन ओळी, पण नर-मादी उलटे केले तर पुढे झाड जवळपास तेच येतं, बियाण्याचा जोम, म्हणजे वावरातल्या अडचणीतही उगवून यायची ताकद, मात्र वेगळा निघू शकतो. काही मादी ओळींची साल मळणीत लवकर तडकते, काही सुकवतानाची उष्णता सहन करत नाहीत. दाण्यात काय भरलंय त्यानेही फरक पडतो. पिठाचा साठा रोपाला पहिली पानं येईपर्यंत पोसतो, स्वीट कॉर्नच्या सुरकुतलेल्या दाण्यात स्टार्च कमी, साखर जास्त, त्यामुळे ते बियाणं मुळातच नाजूक, थंड ओल्या मातीत पाणी शोषतानाच खराब होतं.

आता लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज, प्रमाणपत्र मिळालं म्हणजे बियाणं वावरात तेवढंच उगवणार. संकरित मक्याला उगवण किमान 90 टक्के, शुद्ध बी 98 टक्के आणि साध्या पिशवीत ओल जास्तीत जास्त 12 टक्के लागते. पण ही उगवण लॅबमधल्या उबदार, सोयीच्या वातावरणातली. जोम प्रमाणपत्रात कुठेच नसतो. डिसेंबरात नागपूरची रात्र 10 अंशांच्या आसपास येते, तेव्हा 92 टक्के उगवणीचे दोन लॉट वावरात सारखे उगवत नाहीत आणि बदनामी बीजोत्पादकाची होते. म्हणून कणसं सुकवताना घाई नको. ओल्या कणसांना 40 अंशांच्या वर गरम हवा दिली की कोंबाला मार बसतो, दाणा वरून चकचकीत दिसतो, काही कळत नाही.

तपासण्या किमान चार होतात, पहिली फुलोऱ्याआधी, बाकी तीन फुलोऱ्यात. शेजारचा मका त्याच रंगाचा आणि तशाच दाण्याचा असेल तर 200 मीटर अंतर, वेगळा असेल तर 300. भुट्ट्यासाठी शेजाऱ्याने स्वीट कॉर्न लावलाय का ते पेरणीआधी जाऊन विचारा, नंतर भांडून प्लॉट वाचत नाही. आणि तुरे. मादीवर फक्त नराचेच परागकण पडावेत म्हणून मादी ओळीचे तुरे काढून टाकायचे असतात. मादी ओळीतले परागकण सांडणारे तुरे एका तपासणीत 1 टक्क्याच्या वर सापडले तर प्लॉट रद्द होतो. तुरा पोंग्यातून बाहेर येताच एका हाताने ताट धरून दुसऱ्या हाताने सरळ वर ओढायचा, पानं तोडायची नाहीत, पानं गेली की दाणा भरत नाही. खालची एखादी फांदी पोंग्यातच राहते, नाहीतर बुडाच्या फुटव्याला उशिरा तुरा येतो, तो मजुरांच्या नजरेतून सुटतो आणि तपासणीत नेमका तोच सापडतो. फुलोरा संपेपर्यंत रोज एक फेरी माराच, सणवार असला तरी.

शेवटी मुदत. प्रमाणपत्र 9 महिने चालतं, पण ते चाचणीच्या तारखेपासून, पॅकिंगच्या किंवा टॅग लावल्याच्या नाही. रिपोर्ट आल्यावर माल दोन महिने गोडाऊनमध्ये राहिला तर हातात सातच महिने उरतात. त्यानंतर पुन्हा नमुना देऊन पास झाला तर 6 महिने वाढवून मिळतात, पण उन्हाळाभर पत्र्याखाली तापलेला मका दुसऱ्यांदा 90 गाठेलच असं नाही, म्हणून विक्रीचा हिशोब पहिल्या रिपोर्टवरची तारीख बघूनच करा.