जहाजावर कंडिशन मॉनिटरिंग: सेन्सर घेण्याआधी क्लासकडे अर्ज

पंपाच्या बेअरिंगवर चुंबकाने चिकटणारा वायरलेस सेन्सर बसवायला पाच मिनिटं पुरतात. पण त्याच्या आकड्यांवर विसंबून ‘हा पंप या खेपेला उघडत नाही’ असं तपासणीला येणाऱ्या सर्व्हेअरला सांगायचं, तर क्लासची, म्हणजे जहाज तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची, मंजुरी हवी. बरेच मालक आधी खरेदी करतात आणि मग अर्जाला लागतात. तिथेच घोळ होतो.

नेहमीच्या कंटिन्यूअस सर्व्हेत यंत्रं पाच वर्षांच्या चक्रात आळीपाळीने उघडून दाखवावी लागतात. (धड चालणारा पंप उघडून, परत जोडताना बिघडवलेला कोणी पाहिला नाही?) त्याला पर्याय म्हणजे आयएसीएस या क्लास संस्थांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या झेड-२० नियमाखालची नियोजित देखभाल योजना आणि झेड-२७ खालचं कंडिशन मॉनिटरिंग, म्हणजे यंत्र न उघडता मोजमापांवरून त्याची प्रकृती जोखणं. अर्ज जहाजाच्या स्वतःच्या क्लासकडे करायचा. आयआरएस (इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग) या क्लासचं जहाज असेल तर त्यांचं मुख्यालय आपल्या मुंबईत पवईलाच आहे. योजनेत न घेतलेली यंत्रं जुन्याच पद्धतीने तपासली जातात.

कागदपत्रांत जबाबदाऱ्यांचा तक्ता, यंत्रांची यादी आणि देखभालीचं वेळापत्रक जोडा. त्याशिवाय मोजमापाच्या उपकरणांचा तपशील, कंपन-तापमानाच्या मान्य मर्यादा, त्या बदलण्याची पद्धत आणि निष्कर्ष काढणाऱ्यांची पात्रताही द्यावी लागते.

सगळ्यात जास्त अडतं ते बेसलाइनवर. यंत्र ठणठणीत असतानाचं हे पहिलं मोजमाप. पुढचा प्रत्येक आकडा त्याच्याशीच ताडायचा. म्हणून ते घेताना किती लोड होता, किती आरपीएम होते, सेन्सर नेमका कुठे होता, हे सगळं लिहून ठेवा. जागेवर रंगाची खूण करा. आधीच घरघरणाऱ्या पंपाची बेसलाइन घेतलीत, तर ती घरघरच ‘नॉर्मल’ ठरेल.

वायरलेसच्या दोन अडचणी वेगळ्या. पोलादी बल्कहेडमधून, म्हणजे जहाजातल्या भिंतींमधून, सिग्नल जात नाही, त्यामुळे सेन्सरचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारे गेटवे कुठे बसवणार ते आराखड्यात दाखवा. टँकरच्या पंपरूमसारख्या ज्वलनशील वायूच्या जागी त्या जागेसाठी प्रमाणित सेन्सरच चालतो. डेटा किनाऱ्यावर जाणार असेल तर सायबर सुरक्षेच्या अटी लागू होतात, आणि सॅटेलाइट लिंक तुटली तरी जहाजावरची यंत्रणा चालू राहिली पाहिजे.

मंजुरी मिळाल्यावर वर्षाच्या आत अंमलबजावणीचा सर्व्हे होतो, मग दर वार्षिक सर्व्हेबरोबर ऑडिट. जहाजावर जबाबदार माणूस एकच, चीफ इंजिनिअर. यंत्र शेवटचं उघडल्यापासूनचा सगळा डेटा त्याच्याकडे तयार हवा. डॅशबोर्ड कितीही देखणा असला तरी दुरुस्तीच्या नोंदीखाली सही त्याचीच लागते. जहाज विकलं किंवा व्यवस्थापन बदललं, तर मंजुरीचा फेरविचार होतो. जुनं जहाज घेताना ‘स्कीम चालू आहे’ या तोंडी आश्वासनावर जाऊ नका, क्लासला लेखी विचारा.