सुपरचार्जरची गाडी ट्यूनिंगला आणताय? आधी मेमरी पुसू नका

ट्यूनिंगची वेळ ठरवायला फोन येतो तेव्हा बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो: गाडी सकाळी सोडली तर संध्याकाळी मिळेल का? गाडी निरोगी असेल तर मिळते. हवा-पेट्रोलचं मिश्रण जुळवण्याचं डायनोवरचं (रोलरवर गाडी पळवून ताकद मोजणारं यंत्र) काम एका दिवसात उरकतं. उशीर होतो तो गाडी डायनोवर चढवण्याआधी, आणि त्याचं कारण बहुधा आदल्या रात्री घडलेलं असतं. गाडी आमच्याकडे ‘क्लीन’ होऊन यावी म्हणून मालक स्कॅनरने फॉल्ट कोड उडवतात किंवा बॅटरीची वायर काढून ठेवतात. हेतू चांगला असतो. पण तापाची गोळी घेऊन मग डॉक्टरकडे जावं, तसा हा प्रकार आहे. आम्हाला जे वाचायचं असतं तेच पुसलेलं असतं.

नेमकं काय पुसलं जातं ते सांगतो. साध्या चालीत ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरकडे बघत पेट्रोल थोडं वाढवत-घटवत राहतो. तीच दुरुस्ती पुन्हा पुन्हा करावी लागली की ती तो लक्षात ठेवतो. हीच लाँग टर्म फ्युएल ट्रिम. ती शून्याच्या आसपास, अधिक-उणे ५ टक्क्यांत असली तर आम्ही निश्चिंत असतो. पण समजा आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) अधिक १५ आहे, म्हणजे ईसीयू १५ टक्के पेट्रोल वाढवतोय, आणि २,५०० आरपीएमला अधिक ३. मग इंजिन कुठल्यातरी भेगेतून न मोजलेली हवा ओढतंय. भेग तेवढीच राहते, पण इंजिन एकूण हवा जास्त घ्यायला लागलं की त्यातला चोरट्या हवेचा वाटा कमी होतो, म्हणून आकडा उतरतो. उलट आयडलला सगळं ठीक आणि लोड वाढेल तशी ट्रिम चढत गेली, तर पेट्रोलचा पंप कमी पडतोय, पेट्रोलचा फिल्टर तुंबलाय किंवा हवा मोजणाऱ्या एअर फ्लो सेन्सरची तार मळली आहे. (तेल लावायचे एअर फिल्टर वापरणाऱ्यांकडे हे जास्त दिसतं. धुतल्यावर तेल जरा कमीच लावा.) ट्रिम उणे असेल तर गळणारा इंजेक्टर किंवा प्रेशर रेग्युलेटरचा फाटलेला पडदा आधी तपासतो.

फॉल्ट कोडसोबत तो पडला त्या क्षणीचा आरपीएम, लोड आणि इंजिनचं तापमानही साठवलेलं असतं. कोड उडवला की तेही जातं. मग आमच्या हातात पाटी कोरी. ट्रिम पुन्हा बसायला गाडी थंड असताना, गरम झाल्यावर, आयडलला आणि वेगवेगळ्या लोडवर चालवावीच लागते. ईसीयूला घाई करता येत नाही. तुमचा गेलेला वेळ तो हाच.

आता सुपरचार्जरच्या (इंजिनात हवा दाबून भरणारा पंप) गाडीत ही माहिती इतकी मोलाची का, ते. बऱ्याच गाड्यांत हवा मोजणारा सेन्सर सुपरचार्जरच्या अलीकडे असतो आणि भेग पडते ती पलीकडे: होजमध्ये, इंटरकूलरच्या जोडावर, मॅनिफोल्डच्या गॅस्केटला. आयडलला मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणारी नळी) व्हॅक्यूम असतो, म्हणून त्या भेगेतून न मोजलेली हवा आत येते आणि मिश्रण लीन होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. अॅक्सिलरेटर दाबला, बूस्ट (सुपरचार्जरचा जास्तीचा दाब) आला, की त्याच भेगेतून मोजून झालेली हवा बाहेर निसटते. ईसीयू त्या निसटलेल्या हवेचंही पेट्रोल टाकतो आणि मिश्रण रिच होतं, म्हणजे पेट्रोल जास्त होतं. एकच भेग, पण दुखणी दोन आणि तीही एकमेकांच्या उलट. मालकाला लीनचा कोडही दिसतो आणि मागे काळा धूरही. मग सेन्सर बदलला जातो, इंजेक्टर बदलले जातात, आणि दोन्ही जुने भाग चांगले असतात. (हवेचं माप मॅनिफोल्डच्या दाबावरून घेणाऱ्या गाडीत चित्र वेगळं असतं. शिरलेली हवा दाबातच मोजली जाते, मिश्रण फारसं हलत नाही, आयडल मात्र चढतं.)

कुणी म्हणेल, भेग असू दे, तुम्ही मॅपमध्येच (किती पेट्रोल टाकायचं हा ईसीयूमधला तक्ता) पेट्रोल कमी करून टाका. ते आम्ही करत नाही, आणि या एका बाबतीत आम्ही हट्टी आहोत. बूस्टमध्ये रिच दिसतं म्हणून पेट्रोल कापलं, तर तो मॅप त्या भेगेसकट बरोबर असतो. पुढे कधी कुणी फाटका होज बदलला की पूर्वी निसटणारी हवा सिलिंडरमध्ये पोचते, पेट्रोल मात्र कापलेलंच राहतं. पूर्ण बूस्टला लीन. होज बदलणाऱ्याने चांगलं काम केलेलं असतं आणि पिस्टन जातो. म्हणूनच प्रत्येक गाडीची स्मोक टेस्ट (धूर सोडून गळती शोधणं) आणि पेट्रोलच्या दाबाची तपासणी आम्ही आधी करतो आणि त्याचे पैसे वेगळे लावतो. काही ग्राहकांना हा वाढीव खर्च वाटतो. तपासणीत दोष निघाला तर डायनोचं भाडं लागत नाही, हेही लक्षात घ्या.

पेट्रोलच्या दाबाचं एक उदाहरण. इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या रेलवर ३ बार दाब आहे आणि रेग्युलेटरला मॅनिफोल्डकडून येणारी नळी निसटली आहे असं धरा. ०.७ बार बूस्ट आला की इंजेक्टरच्या दोन टोकांमधला फरक २.३ बारच उरतो आणि पेट्रोल सुमारे १२ टक्के कमी पडतं, तेही नेमकं सर्वांत जास्त हवं असतं तेव्हा. बोटभर रबरी नळी, पण गाडी शहरात चालवताना काहीच जाणवत नाही.

ट्रिमवरून बूस्टमधलं मिश्रण मात्र कळत नाही. पूर्ण लोडला बऱ्याच गाड्यांचा ईसीयू सेन्सरचं ऐकणं थांबवून मॅपप्रमाणे पेट्रोल टाकतो. शिवाय गाडीसोबत आलेला सेन्सर नॅरोबँड असेल तर त्याला फक्त लॅम्ब्डा १ च्या (पेट्रोल पूर्ण जळायला लागते नेमकी तेवढी हवा) अलीकडे की पलीकडे एवढंच समजतं. त्यामुळे बूस्टचं काम आम्ही आमच्या, नेमका आकडा दाखवणाऱ्या वाइडबँड सेन्सरवर करतो. त्यालाही फसवता येतं: सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट गळत असेल किंवा एखादा सिलिंडर मिसफायर करत असेल, तर न जळलेला ऑक्सिजन दिसतो आणि आकडा खोटा लीन येतो. म्हणून जुने प्लग घेऊन येऊ नका. नवे लावा, गॅप बूस्टला साजेशी ठेवा.

मिश्रण किती ठेवता, हेही नेहमी विचारलं जातं. पेट्रोलवर पूर्ण बूस्टला आम्ही साधारण ०.७८ ते ०.८२ लॅम्ब्डा ठेवतो, म्हणजे पेट्रोलच्या मापपट्टीवर वजनाने एक भाग पेट्रोलला साडेअकरा ते बारा भाग हवा. थोडं लीन केलं तर डायनोच्या कागदावर चार हॉर्सपॉवर जास्त दिसतील, हे खरं आहे. पण सुपरचार्जर हवा दाबताना तापवतो, आणि जास्तीचं पेट्रोल वाफ होताना तीच उष्णता शोषून नॉक (मिश्रण अवेळी आपोआप पेटणं) लांब ठेवतं. डायनोवरची खेच काही सेकंदांची असते. लांब चढ किंवा ट्रॅकवरची फेरी तेवढ्यात संपत नाही. अतिरिच ठेवण्यातही शहाणपण नाही: सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुतलं जातं, प्लग काळे पडतात.

आमच्या अहवालात आकडे लॅम्ब्डामध्ये असतात, कारण इंधन बदललं की गुणोत्तर बदलतं. शुद्ध पेट्रोलला ते १४.७, १० टक्के इथेनॉल असलेल्याला १४.१ च्या आसपास, ई८५ ला जवळपास ९.८. लॅम्ब्डा १ मात्र सगळीकडे १ च. त्यामुळे रोज जे इंधन भरता तेच टाकीत ठेवून या. फक्त ट्यूनिंगसाठी भारी पेट्रोल भरलंत तर मॅप त्या पेट्रोलचा होईल.

काम झाल्यावर सुपरचार्जरची पुली बदलू नका. लहान पुली म्हणजे जास्त बूस्ट, आणि मॅपमध्ये त्या जागी मोजून भरलेले आकडे नसतात. बदलायचीच असेल तर आधी सांगा. तुमची फाइल आणि सगळे लॉग आम्ही जपून ठेवतो, त्यामुळे पुढचं ट्यूनिंग पहिल्यापेक्षा बरंच कमी वेळात होतं. तयार फाइल विकत मिळते आणि स्वस्तही असते, पण तुमच्या गाडीचा पट्टा घसरतोय का, तुमचे इंजेक्टर चक्राच्या ८५ टक्क्यांहून जास्त वेळ उघडे राहतायत का, हे तिला माहीत नसतं. ७,००० आरपीएमला एका चक्राला जेमतेम १७ मिलिसेकंद मिळतात. त्यापलीकडे मॅपमध्ये कितीही पेट्रोल लिहा, ते येणार कुठून?

तेव्हा गाडी आहे तशी आणा, चेक इंजिनचा दिवा लागलेला असला तरी. बदललेल्या भागांची यादी सोबत द्या. मेमरी आधीच पुसली गेली असेल तर तसं सांगा आणि वेळ आठवडाभर पुढची घ्या. तोवर गाडी रोजच्यासारखी पण बूस्टमध्ये न नेता चालवा. स्वतःचा स्कॅनर असेल तर इंजिन गरम झाल्यावर आयडलला आणि स्थिर २,५०० आरपीएमला ट्रिमचे दोन फोटो काढून पाठवा. गाडी डायनोला तयार आहे की आधी भेग शोधायची, ते आम्ही वेळ ठरवण्याआधीच कळवतो, आणि त्याचे पैसे घेत नाही.