तोंडाला पाणी सुटलेला प्रोजेक्टर

प्रोजेक्टर चालू होता, चित्रही ठीकठाक होतं. निळ्या नळीच्या तोंडाखाली मात्र एक थेंब लोंबत होता. बोट लावून पाहिलं (हातमोजे घालायला हवे होते, घातले नव्हते), तर पाण्यापेक्षा दाट आणि बुळबुळीत. पुसून टाकला. आठवड्याभराने पाहतो, तर त्याच जागी तसाच थेंब.

जुन्या तीन नळ्यांच्या सीआरटी (कॅथोड रे ट्यूब) प्रोजेक्टरमध्ये लाल, हिरवी आणि निळी अशा तीन छोट्या पिक्चर ट्यूब असतात. प्रत्येकीचा पडदा कर्णात जेमतेम ७ ते ९ इंच, पण त्यावरचं चित्र पार भिंतीएवढं मोठं करायचं असतं. म्हणजे एवढ्याशा पडद्यावर डोळे दिपतील इतका उजेड हवा. त्यासाठी इलेक्ट्रॉन ३० हजार व्होल्ट किंवा त्याहूनही जास्त दाबाने फॉस्फरवर, म्हणजे आदळल्यावर उजळणाऱ्या पडद्याच्या आतल्या थरावर, आदळवतात. ३० हजार व्होल्टला नुसता १ मिलिअँपिअर प्रवाह धरला तरी ३० वॅट होतात, आणि त्यातला बराचसा भाग उजेड न होता उष्णता होतो. फॉस्फर तापला की त्याचा उजेड उतरतो. काचेचा मधला भाग तापलेला आणि कडा गार राहिल्या, तर काच तडकायची भीती वेगळीच. म्हणून नळीच्या तोंडावर ॲल्युमिनियमची एक चौकट बसवून तिच्यात द्रव भरतात. हा द्रव बहुतेक वेळा एथिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीनचं मिश्रण असतो. तो काचेची उष्णता उचलून चौकटीला देतो आणि चौकट ती हवेत सोडते.

या द्रवाचं नाव कूलंट असल्यामुळे त्याचं काम एवढंच, असा समज होतो. माझ्या मते त्याचं दुसरं काम जास्त देखणं आहे. काचेतून हवेत जाताना सरळ येणाऱ्या प्रकाशातलाही साधारण ४ टक्के भाग मागे फिरतो. तिरका प्रकाश तर ४१ अंशांच्या पुढे अजिबात बाहेर पडत नाही. तो काचेतच ठेचकाळत परत फॉस्फरवर येतो आणि चित्रातल्या काळ्या जागा राखाडी करतो. आता काचेला हवेऐवजी ग्लायकॉल टेकवा. काचेचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो याचं माप) साधारण १.५२, ग्लायकॉलचा १.४३. फरक इतका कमी की मागे फिरणारा भाग ०.१ टक्क्याच्याही खाली जातो आणि ती ४१ अंशांची मर्यादा ७० अंशांपर्यंत सरकते. ज्या रचनेत द्रवाच्या पुढे थेट लेन्सचं शेवटचं भिंग असतं, तिथे नळीची काच, द्रव आणि भिंग मिळून प्रकाशाच्या दृष्टीने जवळजवळ एकच वस्तू होते. काही मॉडेलमध्ये द्रव दोन काचांमध्ये बंद असतो आणि लेन्स हवेच्या फटीपलीकडे असते. तिथे हा फायदा अर्धाच मिळतो.

मग हा द्रव थेंब होऊन गळतो कशामुळे? ग्लायकॉल ४० अंश सेल्सिअसने तापला तर आकारमानाने सुमारे अडीच टक्के फुगतो. ॲल्युमिनियमची चौकट त्याच्या जवळपासही फुगत नाही. ही तफावत पोटात घ्यायला चौकटीत एक लवचिक रबरी पडदा असतो आणि काचेच्या कडेने रबरी गॅस्केट, म्हणजे फट बंद करणारी पट्टी. प्रोजेक्टर रोज तापतो, रोज निवतो. वर्षानुवर्षं हा ताण खाऊन रबर कडक होतं आणि जिथे दबलं तिथे दबलेलंच राहतं. अशा वेळी स्क्रू करकचून आवळायचा मोह होतो. आवळू नका. एका कोपऱ्यात जास्त जोर आला की गॅस्केट दुसऱ्या कोपऱ्यात उचललं जातं, आणि नशीब वाईट असेल तर काचच जाते.

थेंब नजरेतून सुटला तरी गळती समोरच्या मोठ्या पडद्यावर दिसते. द्रव कमी झाला की चौकटीत वरच्या बाजूला हवेची पोकळी तयार होते. लेन्स चित्र उलटं करते, त्यामुळे वरची पोकळी पडद्यावर खालच्या कडेला उमटते. हिरव्या नळीत पोकळी झाली तर तिथला हिरवा उजेड विस्कटतो आणि लाल-निळ्याची जांभळट झाक उरते. नेमकी कुठली नळी गळते ते रंगावरून कळतं.

कूलंटचे जे गुण चौकटीच्या आत उपयोगी पडतात, तेच बाहेर आल्यावर नडतात. १९७ अंशांच्या आसपास उकळणारा हा द्रव आत तापून सहसा उडून जात नाही. बाहेर सांडला तरीही उडत नाही. पाण्याचा थेंब तासाभरात वाळेल, हा महिनोन्‌महिने तसाच बसून राहतो. वर हवेतली ओल शोषतो आणि धूळ, क्षार गोळा करतो. शुद्ध असताना तो विजेचा फार वाईट वाहक असतो, पण असा मळल्यावर बऱ्यापैकी वीज वाहू लागतो. त्यात तो सर्किट बोर्डावरच्या आयसीच्या (चिपच्या) खाली, तिच्या पायांच्या मधल्या फटीत स्वतःहून शिरतो. व्होल्टेज चालू असलेल्या बोर्डावर मग तांब्याचे ट्रॅक हिरवे पडून कुरतडले जातात. वरून पुसलेला बोर्ड कोरा करकरीत दिसतो आणि आतून सडत असतो.

सुदैवाने हा द्रव पाण्यात सहज मिसळतो. म्हणून बोर्ड सुटा काढून आधी डिस्टिल्ड वॉटरने धुवायचा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने, आणि पूर्ण सुकू द्यायचा. विजेच्या वस्तूला पाणी लावताना जिवावर येतं, पण इथे तेच औषध आहे.

या सगळ्याआधी एक गोष्ट मात्र पक्की. नळीची काच आणि तिच्या आतबाहेरचे वाहक थर मिळून चक्क एक कपॅसिटर होतो. प्लग काढल्यावरही त्यात हजारो व्होल्ट दबा धरून बसलेले असू शकतात. शिवाय नळी निर्वात असते. मानेला धक्का लागून फुटली तर काचा सगळीकडे उडतात. हाय व्होल्टेज सुरक्षितपणे उतरवायचा अनुभव नसेल, तर हे काम जाणकाराकडे द्यावं. एथिलीन ग्लायकॉल पोटात गेला तर विषारी आहे आणि चवीला गोड आहे. शरीरात त्याचं ऑक्झॅलिक आम्ल होतं आणि त्याचे स्फटिक मूत्रपिंडात अडकतात. काढलेला द्रव उघड्या भांड्यात ठेवू नये, मुलं आणि पाळीव जनावरं घरात असतील तर मुळीच नाही.

भरायला गाडीचं कूलंट चालेल का, असं हमखास विचारलं जातं. नाही चालत, त्यातला रंग प्रत्येक चित्रातून दिसेल. नवं गॅस्केट बसवून, स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळत, स्वच्छ मिश्रण चौकटीच्या आतल्या भिंतीलगत बारीक धारेने सोडायचं. ढवळताना त्यात शिरलेले सूक्ष्म बुडबुडे निघून जायला ते आधी दिवसभर तसंच ठेवावं. भरल्यावर नळी कलती करून उरलेली हवा द्रव भरायच्या भोकाकडे आणायची आणि बूच लावायचं.

मग खाली पांढरा टिश्यू पेपर अंथरून नळी रात्रभर तशीच ठेवायची. सकाळी कागद कोरा असेल तर नळी जागेवर बसवून, प्रोजेक्टर तासभर चालवून, पूर्ण गार होऊ देऊन पुन्हा तपासायचं. तेव्हाही कोरा निघाला, तर पडद्यावर चौकड्यांची जाळी लावून तिन्ही रंगांच्या रेषा एकमेकींवर आणायला बसायचं. नळी केसभर जरी हलली असेल, तरी त्यात अख्खी संध्याकाळ जाते.