शब्दाची जात पाठ करून इंग्रजी येत नाही

खानापूर-निपाणीकडच्या मराठी शाळांतून एक समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय: इंग्रजी शब्दाची जात ठरलेली असते, ती पाठ केली की व्याकरण आलं. म्हणजे ‘वॉटर’ नाम, ‘फास्ट’ विशेषण. हे खरं नाही.

‘ड्रिंक वॉटर’मध्ये वॉटर नाम आहे, ‘वॉटर द प्लांट्स’मध्ये तेच क्रियापद, झाडांना पाणी घाल. ‘फास्ट बस’मध्ये फास्ट विशेषण, ‘रन फास्ट’मध्ये क्रियाविशेषण, आणि ‘वुई फास्ट ऑन एकादशी’मध्ये चक्क उपवास! जात ठरते ती वाक्यातल्या कामावरून.

आपली पोरं इथे का अडखळतात? ‘रामाने सीतेला पाहिलं’ उलटं करून ‘सीतेला रामाने पाहिलं’ म्हटलं तरी अर्थ तोच. शेजारच्या कन्नडातही तसंच: ‘राम सीतेयन्नु नोडिद’, ‘सीतेयन्नु राम नोडिद’. कर्ता-कर्म प्रत्यय सांभाळतात. इंग्रजीतले असे नामांचे प्रत्यय बहुतेक झडले, त्यामुळे ते काम शब्दाच्या वाक्यातल्या जागेवर आलं. ‘राम सॉ सीता’ उलटवलं की पाहणाराच बदलतो. शब्दाची जात ओळखतानाही अशीच जागा पाहावी लागते, आणि ती सवय आपल्या पोरांना नसते.

शेवटी ‘ली’ दिसलं की क्रियाविशेषण, हाही असाच ठोकताळा. ‘फ्रेंडली’ विशेषण आहे.